चौथा पोचा

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो. सभेत बांबूच्या टोकाला बांधतात ना, तोंड फाकलेला पत्र्याचा कर्णा, तोच. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी टांगलेला असतो. काल मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणीतरी मला खडा मारला. टण्ण आवाज झाला आणि तुम्ही सगळे खिदळलात. मला राग आला. मी तसा फटकळच आहे, पण नुसता रागावून गप्प बसलो तर तुम्ही उद्या पुन्हा खडा माराल. म्हणून माझी हकिकत सांगतो.

माझा जन्मच मारहाणीत झाला. मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा कापला, वाकवला आणि हातोड्यांनी बडवून बडवून मला हे तोंड दिलं. तिथून उचगावच्या गैबीनं मला भाड्यानं लावायला विकत आणलं. वराती, उरूस, खासबागेतल्या कुस्त्या, सगळीकडं गैबी आणि मी. कोल्हापूर संस्थान विलीन झालं, ती बातमी पेठापेठांतून मीच ओरडत फिरलो. लोक म्हणत, "गैब्याचा कर्णा पार पंचगंगेपल्याड ऐकू जातोय." मी फुशारून जायचो. गैबी रोज संध्याकाळी मला फडक्यानं पुसायचा आणि पोरासारखा कोपऱ्यात निजवायचा.

मग देशातली पहिली निवडणूक आली. त्या थंडीत कालिंदीबाई गैबीच्या दारात आल्या. तुम्ही ज्यांना मोठ्या बाई म्हणता, त्याच. मूळच्या गडमुडशिंगीच्या. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मग त्या शिकल्या आणि शहरात मास्तरीण झाल्या. आता दिल्लीच्या लोकसभेसाठी अपक्ष उभ्या होत्या. सोबत धाकटा भाऊ वसंत होता. तालमीत कमावलेलं अंग, हातात घुंगरं लावलेली काठी.

"गैब्या, माझी आक्का दिल्लीला जानार हाय," तो म्हणाला. "ती बोलताना कुनी नुस्ता खाकरला तरी टकुरं फोडतो बघ."

त्यानं तो शब्द अगदी तंतोतंत पाळला.

बाईंची एक खोड होती. बाकीचे उमेदवार पेठेत एक बोलत आणि खेड्यात दुसरंच. मला विचारा, भाड्यानं मी सगळ्यांच्याच तोंडाला लावला जायचो. बाई मात्र जिथं जे ऐकायला लोकांना आवडत नाही, तिथंच ते आधी बोलायच्या. हातभट्ट्या पेटत होत्या त्या वस्तीत जाऊन त्या म्हणाल्या, "दारूबंदी उठवायला मी दिल्लीत हात वर करणार नाही." भरलेली बाटली माझ्यावर आदळून फुटली आणि पत्रा आत चेपला. दुसरी एका म्हाताऱ्याच्या कपाळावर फुटली, त्याचं धोतर लाल झालं. हा माझा पहिला पोचा. वसंत गर्दीत शिरला. काठीची घुंगरं वाजली आणि बाटली फेकणाऱ्याचे पुढचे दात मातीत पडले.

बाजारपेठेत त्या म्हणाल्या, "धान्यावरचं नियंत्रण एकदम उठवलं तर गरिबाच्या ताटात काही उरणार नाही." कुठल्याशा दुकानातून लोखंडी वजन भिरभिरत आलं आणि माझ्या काठावर आपटलं, तो दुसरा पोचा. तेच बाईंना लागतं तर आज ही शाळा नसती. त्या दिवशी वसंतानं दोघांना लोळवलं, आणि पडलेल्याच्या बरगडीत लाथ घालताना मी त्याला हसताना पाहिलं. खरं सांगतो, मित्रांनो, मला तेव्हा तो आवडला होता. आपल्या बाजूचा मार कुणाला वाईट दिसत नाही.

तिसरा पोचा इनामदारांच्या गावातला. "जो कसेल त्याची जमीन," असं बाई म्हणाल्या आणि उसातून गोफणीचे दगड सुटले. एक बैल डोळा फुटून खाली बसला. पण वसंताचा आनंद काय वर्णावा! तो स्वतः कूळ होता. बाप गेल्यावर इनामदाराचं रान तो आणि आई बयाबाई कसत होते, आणि कायद्यानं ते आपल्या नावावर होणार या आशेवर तो जगत होता. रक्तानं भिजलेल्या हातानं त्यानं माईक ओढून घेतला आणि माझ्यातून ओरडला, "कसंल त्याचीच! कोन आडवा येतोय बघू!" त्या दिवशी एकाचा हात त्यानं कोपरातून उलटा केला. तो मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्यासारख्याला आवाज विसरता येत नाहीत.

शेवटची सभा गडमुडशिंगीत, त्यांच्या स्वतःच्या गावात होती. वाटेत गाडीत वसंत हळू आवाजात म्हणाला, "आक्का, आज ते लेकीच्या वाट्याचं तेवढं गिळ की."

"ते का?"

"समदं गाव हसाय लागलंय. म्हनत्यात, वश्याची भन रान वाटून मागाय उभारलीया."

गैबीनं माझा बांबू उगीचच पुन्हा घट्ट आवळला.

देवळापुढचं पटांगण भरलं होतं. पुढं पुरुष, आणि बायका पार मागं, बैलगाड्यांच्या आडोशाला, पदर कपाळावर ओढून. माईकशिवाय बाईंचा आवाज चौथ्या रांगेपुढं जात नसे. तिकडं मागं जे जाणार, ते फक्त माझ्यातूनच. त्या बायकांत बयाबाईही बसली होती. लेकीची सभा ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बाईंनी दारूबंदी सांगितली, धान्य सांगितलं, जमीन सांगितली. टाळ्या पडल्या. मग त्या म्हणाल्या, "दिल्लीत एक हिंदू कायदा अडवून ठेवलाय. मी निवडून गेले तर तो पुन्हा पुढं आणायला लावीन. बापाच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा—"

पटांगणात असा गलका उठला की गाडीचे बैल दावं तोडायला लागले. "खाली बसवा तिला!" "घर फोडती ही!" वसंत उडी मारून बाईंसमोर उभा राहिला. त्याचा चेहरा मी इतका जवळून कधी पाहिला नव्हता.

"भाऊबीजंला तुझ्या ताटात घालाय कवा कमी केलं का मी? तुझ्यासाटनं माणसं फोडली मी, आक्का!"

"फोडलीस. मी नको म्हणत होते तरी फोडलीस."

"मग आता देवळाकडं हात कर आन् गावासमोर शपथ घे, भावाच्या रानातलं मला काय नको. येवढं कर. मग काय बोलायचं ते बोल. दिल्लीला जा न्हाईतर इलायतेला जा, मी संगं येतो."

सगळं पटांगण पुढं झुकलं. एक वाक्य बोललं की गाव मत देणार होतं, भाऊ राहणार होता आणि सगळे धडपणी घरी जाणार होते. मीसुद्धा मनात म्हणत होतो, बोला हो बाई, एवढं बोलून टाका.

बाई माईकजवळ सरकल्या. बोली पार गावची झाली होती. "वसंता, तुझ्या रानातलं ढेकूळबी मला नको हाय." लोकांनी सुस्कारा सोडला. वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "पर शपथ मी घेनार न्हाई. आज मी शपथ घेतली, तर उद्या ह्या मागं बसलेल्या समद्या बायकांचं भाऊ म्हनतील, मास्तरणीनं वाटा सोडला, तूबी सोड. माझ्या शपथेनं त्यास्नी नको बांधूस."

"गैब्या, बंद कर ते!" वसंत किंचाळला.

गैबीनं मशीन बंद केलं नाही. त्यानं फक्त माझ्या बांबूला मिठी मारली. "न्हाई वसंतराव. बाईंचं बोलनं पुरं हुदे."

घुंगरं वाजली. काठी गैबीच्या उजव्या कानावर बसली आणि त्याच्या कानातून रक्ताची धार लागली. तरी त्यानं मिठी सोडली नाही. दुसऱ्या घावानं बांबू वाकला, तिसरा माझ्या तोंडावर पडला. बांबू मोडला, मी खाली आपटलो आणि गडगडत गाड्यांच्या बाजूला गेलो. हाच तो चौथा पोचा. पटांगणात एव्हाना कुणी कुणाला मारतंय याचा पत्ता नव्हता. जुनी भांडणं त्यात उकरून निघाली. जू, गाड्यांचे दांडे, खुरपी, ज्याला जे सापडलं ते त्यानं उचललं. एकाचा गळपट्टा धरून दुसरा त्याचं डोकं देवळाच्या पायरीवर आपटत होता. बाईंची भुवई फुटली होती, अर्धा चेहरा रक्तानं माखला होता, पण माईक त्यांनी छातीशी धरला होता. आणि माझी तार, कशी कोण जाणे, तुटली नव्हती.

मी बायकांच्या पायांशी पडलो होतो. तोंडात माती गेली होती. त्या मातीतून बाईंचा आवाज आला, "लेकाइतका वाटा लेकीला. हे माझं मत हाय. मतं देऊ नका, पर ऐकून ठेवा."

बयाबाई उठली. तिनं मला उचललं, पदरानं माझ्या तोंडातली माती पुसली, आणि मला काखेत धरून ती सरळ त्या मारामारीत शिरली. म्हातारीला बघून काठ्या थांबल्या. ती वसंतापुढं जाऊन उभी राहिली.

"कसंल त्याची जमीन म्हंतोस न्हवं? तुझा बाप गेल्यापास्नं भांगलन कोन करतंय? हातातलं खुरपं मी खाली ठिवलं न्हाई. सांग, त्यात माझा वाटा किती?"

वसंतानं काठी खाली केली.

"ही तुझ्या वाट्याचं मागत न्हवती, मुडद्या. माझ्या वाट्याचं बोलत हुती."

त्याच संध्याकाळी बयाबाई मला काखेत घेऊन लेकीबरोबर शहरात आली, ती पुन्हा गावी राहायला गेली नाही. बाई निवडणुकीत पडल्या, सडकून पडल्या. पुढं काही वर्षांनी दिल्लीत लेकींच्या वाट्याचा कायदा झाला, तो त्यांच्याशिवायच. बाईंनी ही शाळा काढली आणि गैबीनं मला इथंच ठेवलं. त्याचा उजवा कान कायमचा गेला होता. एकदा त्यानं लाकडी हातोडी घेऊन माझे पोचे काढायला सुरुवात केली. तीन निघाले. चौथ्यावर हातोडी ठेवताच बयाबाई म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ दे. माझ्या पोराच्या हातचा हाय." मग रोज तिन्हीसांजेला ती मला पुसायची आणि त्या पोच्यावरून बोटं फिरवायची. वसंत काही आला नाही.

गेल्या पावसाळ्यात बयाबाई गेली. तेरावं झाल्यावर घुंगरं वाजली आणि मी टांगल्या जागी दचकलो. वसंत आला होता. केस पिकलेले, रान त्याच्या नावावर झालेलं. व्हरांड्यात गैबी माझी तार जोडत बसला होता. वसंतानं माझ्या तोंडावरचा तो पोचा पाहिला. म्हणाला, "गैबी, त्यो पोचा तेवढा काढून टाक की."

गैबीनं मान वर केली. "वसंतराव, तुमी मारलेल्या कानाकडनं बोलताय. तिकडनं ऐकू येत न्हाई. हिकडं येऊन बोला."

तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. तेच वाक्य पुन्हा बोलणं मात्र त्याला जमेना. त्यानं काठी भिंतीला टेकवली, खाली बसला आणि गैबीच्या हातातलं फडकं घेतलं. मग मला पुसायला लागला, आई पुसायची तसंच, बोटं फिरवत. आता तो आठवड्याच्या बाजाराला आला की येतो. बाई त्याला चहा देतात. फारसं बोलत नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला खडे मारू नका. दुसऱ्याचं बोलणं आवडलं नाही तरी हातातला दगड खाली ठेवा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मला फडक्यानं पुसत जा, नाहीतर मी गंजेन. मात्र तोंडाशी आलात की हात जरा हळू फिरवा, तिथल्या पोच्यात एका म्हातारीचं पोर आहे.