फळीवरचं शेवटचं बूच

खारवाडीहून रत्नागिरीच्या कॉलेजात जायला दोन वाटा. एक गाडीरस्ता, खाडीला लांबलचक वळसा घालून पुलावरून. त्याला दोन एसटी बदलायच्या, त्यातली पहिली पहाटे साडेपाचला, आणि तीही आली तर आली. दुसरी वाट धोंडूकाकांच्या होडीतून. दहा मिनिटांत पलीकडचा धक्का, तिथून चार पावलांवर थांबा, आणि पासावर थेट कॉलेजचं फाटक. होडीला तिकीट नाही. भात झोडून झालं की घरटी पायलीभर तांदूळ काकांकडे पोचवायचे, संपलं. गावातली अकरा पोरं अशी शिकत होती.

काकांची शिस्त मात्र मास्तरांना लाजवील अशी. होडीच्या फळीवर अकरा खिळे ठोकलेले, आणि पोरागणिक मासेमारीचं जाळं तरंगतं ठेवणारं एकेक जुनं बूच, त्यावर नाव रंगवलेलं. सकाळी पलीकडे उतरताना आपलं बूच खिळ्याला अडकवायचं, संध्याकाळी होडीत चढताना काढून घ्यायचं. कुणी शहरात राहणार असेल तर दुसऱ्याजवळ तसा निरोप द्यायचा, म्हणजे तो बूच काढील. फळीवर एक जरी बूच लटकत असलं तरी पोर पलीकडे आहे असं धरायचं, आणि काका परत खेप करायचे. फळी रिकामी झाल्याशिवाय होडी बांधायची नाही, हा त्यांचा नेम.

राही दुसऱ्या वर्षाला होती. वडील मुंबईला, घरी ती आणि आई. जानेवारीतल्या एका गुरुवारी तिच्या वर्गातल्या रुपालीने नवीन स्कूटर आणली आणि म्हणाली, "चल, मांडवीच्या समुद्रावर सूर्यास्त बघू. दादा तुला गाडीने पुलावरून घरी सोडेल." राहीला नाही म्हणवेना. तिने होडीतून बरोबर येणाऱ्या शेजारच्या दिशाला तेवढं बजावलं, "काकांना काही बोलू नकोस हं. बूच काढलंस तर विचारतील कुठे राहिली, आणि मग आईच्या कानावर जाईल."

"मग ते थांबतील ना गो तुझ्यासाठी."

"बघतील थोडा वेळ आणि जातील."

थोडा वेळ! दोन वर्षं त्या होडीत बसलेली मुलगी हे बोलली. मांडवीला तिने भेळ खाल्ली, फोटो काढले, सूर्य बुडाला तेव्हा सगळ्यांबरोबर ओरडली. साडेसातला रुपालीच्या भावाने तिला गावाच्या वेशीवर सोडलं. "होडी उशिरा सुटली," असं आईला सांगून ती जेवायला बसली. दुसरा घास हातात होता तेव्हा अंगणातून हाक आली.

"वैनी, राही आली नाय वो अजून!"

धोंडूकाका दारात उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पावलाला पंचा गुंडाळलेला, आणि तो पंचा लाल झालेला. पोरांना अलीकडे सोडलं, फळीकडे बघितलं तर एक बूच. तसेच परत फिरले. शेवटच्या गाडीपर्यंत थांबले, थांब्यावरच्या दुकानात विचारून आले. तोवर ओहोटी लागून होडी चिखलात रुतली, ती ढकलायला उतरले आणि कालवाच्या धारदार शिंपीने टाच चिरली.

"अहो, कधीच आली की," आई म्हणाली. "तुमच्याच होडीतून ना?"

दोघं राहीकडे बघायला लागली. खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता, आणि तो तिने घालवला.

"हो काका, दिशाबरोबरच तर आले. बूच काढायला विसरले. उतरताना तुम्हीच नाही का हात दिलात मला?"

शेवटचं वाक्य तिने खोटं पक्कं बसावं म्हणून जोडलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसले, पण ते हसू काही धड नव्हतं.

"असां होय. मग माजाच चुकला," म्हणाले, आणि लंगडत गेले. राहीने ताट तसंच उचलून मोरीत नेलं.

काकांना साखरेचा आजार. जखम चिघळली, आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर त्यांनी गावात निरोप दिला, की पाय बरा झाला तरी होडी चालणार नाही. ज्याला आपण कोणाला उतरवलं तेच आठवत नाही, त्याच्या हाती लोकांनी पोरं कशी द्यावीत? कोणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे बाकीच्या पोरांनाही काही उमगलं नाही.

झालं, अकरा पोरं गाडीरस्त्याला लागली. पहिला तास रोज बुडू लागला. लांबच्या पासाला जास्त पैसे पडले. मुलगे कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून जात. राही जात होती, पण चोराच्या मनात चांदणं! आई काकांचं नाव काढी आणि ही उठून परसात जाई. रात्र रात्र तिला तो लाल पंचा दिसे. उद्या सांगू, काकांचा पाय जरा बरा होऊ दे, असं म्हणत तिने पंधरा दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग एका पहाटे दिशा एसटीला आलीच नाही. राही संध्याकाळी तिच्या घरी गेली.

"आई म्हणते, आता नको," दिशा भांडी घासता घासता म्हणाली. "काळोखात एसटीपर्यंत मैलभर चालायचं, परत यायला रात्र. होडी होती तोवर ठीक होतं." मग तिने वर बघितलं. "मी गप्प बसले ते तुझ्यासाठी. पण मांडवीला तू गेलीस, राही. मी कुठेच गेले नव्हते."

राही तिथून उठली ती तडक काकांच्या ओटीवर. पायाला पट्टी बांधून काका बसले होते, पुढ्यात होडीतून काढून आणलेली ती फळी, तिच्यावर अजून राहीचं एकटं बूच. कमळाकाकी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. राहीने तोंड उघडण्याआधी काकांनीच विचारलं.

"बरी आलीस बाय. मला येक सांग, त्या दिशी तू खंयच्या बाजूला बसली व्हतीस? पंदरा दिस मी आठवतंय. दिशा दिसते, बाकीची दिसतात. तू काय दिसत नाय."

राहीला रडू फुटलं. हुंदके देत तिने सगळं सांगितलं, मांडवी, स्कूटर, भेळ, आणि हात दिल्याचं ते खोटं वाक्यसुद्धा. आता शिव्या बसतील म्हणून मान खाली घालून उभी राहिली.

काकांनी फळी मांडीवर ओढली. मग त्यांचे डोळे भरून आले.

"कमळे, आयकलंस काय? नव्हतीच ती होडीत! माजी मोजणी चुकली नव्हती!"

काकींनी राहीकडे जे बघितलं ते तिला जन्मभर पुरेल. काकांनी मात्र फळीवरचं तिचं बूच काढून तिच्या हाती दिलं आणि खुशीत फळी पुसायला लागले. तिला ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. घरी जाऊन तिने आईलाही सांगितलं. तिथे मात्र पुरेपूर बोलणी खाल्ली.

पुढच्या सोमवारी होडी सुटली. काका लंगडतच वल्हं मारत होते. दिशा पुढे बसली होती. पलीकडे धक्का लागला तशी पोरं उठून आपापलं बूच अडकवून उतरू लागली. राहीने आपलं बूच पुढे केलं तेव्हा काकांनी ते शांतपणे तिच्या हातून घेतलं.

"तुजा मी लावीन, बाय. आनि संध्याकाळी काडीन पन मीच."

त्यांनी ते शेवटच्या खिळ्याला अडकवलं, नीट बसलं का बघितलं, आणि उतरण्यासाठी तिला हात दिला.