आभाळातून पडलेल्या पत्र्याचं घंगाळ

वाचनालयातल्या शेगडीभोवती गावातली सात-आठ माणसं बसली होती. रॉकेटं जातात आपल्या डोक्यावरून, मग त्यांचा इतिहास आपण नाही तर कुणी वाचायचा, म्हणून ग्रंथपाल झामिल्याने चर्चेला अवकाशप्रवासाचं पुस्तक निवडलं होतं. म्हाताऱ्या ओरिनबायने बायकोने दिलेलं बाउरसाकचं, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचं, भरलेलं ताट मेजावर ठेवलं. नातू आज चाळीस दिवसांचा झाला होता. घरी बायका रीतीप्रमाणे त्याला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालणार होत्या.

“आजोबांचं अर्धं घर अवकाशातून आलंय,” तोक्तार मेंढपाळ बाउरसाकने भरलेल्या तोंडाने म्हणाला. “कुंपण रॉकेटचं, खुराडं रॉकेटचं. एखाद्या दिवशी कोंबड्या चंद्रावर अंडी घालतील!”

“पडलेला पत्रा तुझ्यासारखा बघत बसत नाही मी,” ओरिनबाय म्हणाला. “ उचलून आणतो.”

सगळे हसले. झामिल्या पुढे वाचू लागली. काही रॉकेटांचं इंधन जहाल विष असतं. त्यांच्या पडलेल्या तुकड्यांना उघड्या हातांनी शिवू नये.

“वाळूने घासलं तर जातं का ते?” ओरिनबायने विचारलं.

“इथे काही लिहिलेलं नाही, आजोबा. का हो?”

ओरिनबाय उठून उभा राहिला. गेल्या महिन्यात माळावर पडलेला चकचकीत पत्रा ठोकून त्याने नातवासाठी घंगाळ केलं होतं. तो टोपी न घेताच बाहेर पडला आणि वाऱ्यात धावत सुटला. चमचे ओतायला घेतले असतील का?

“थांबा! पाणी घालू नका!” तो दारातूनच ओरडला.

बाळ दचकून रडायला लागलं. सुनेने त्याला दुलईत गुंडाळलं होतं. मधोमध जुनं निळं घंगाळ होतं.

“केव्हाच न्हालं ते,” त्याची बायको कुल्याश म्हणाली. “आणि माझ्या आईच्या घंगाळात. तुमचं काय, ठोकलं की झालं!”

ओरिनबाय उंबऱ्यावरच बसला. जीव भांड्यात पडला. बाळाच्या ओल्या डोक्याकडे हात गेला, पण त्याच हातांनी पत्रा ठोकला होता. त्याने तो मागे घेतला.

“रुसू नका,” कुल्याश हसली. “तुमचंही कामी आलं. सकाळी त्यातच पीठ मळलं.”

“कसलं पीठ?”

“बाउरसाकचं, आणखी कसलं! सूनबाईने तर पोटभर खाल्लं. अंगावर दूध चांगलं येईल.”

सून बाळाला पदराखाली घेत होती.

“पाजू नकोस!”

“अहो, वेड लागलं का? उपाशी आहे ते!”

मग त्याने पुस्तकातलं ऐकलेलं सगळं सांगितलं. कुल्याश स्वतःच्या नखांत वाळलेलं पीठ बघत राहिली.

“वाचनालयात ताट भरून दिलंय मी,” ती हळूच म्हणाली.

ओरिनबाय उठला. भुकेल्या बाळाचं रडणं मागे ठेवून तो पुन्हा वाऱ्यात शिरला.