लांबीखाली गाडलेले सहा आकडे

मी एका जुन्या मोटारीचं इंजिन बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, गोड बोलायची माझी आज इच्छा नाही.

सत्तर वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला वितळलेल्या लोखंडातून ओतलं. अंगाची धग गेल्यावर एका कामगाराने पोलादी ठसे टेकवले आणि हातोडा मारला. सहा घाव, सहा आकडे. तेच माझं नाव.

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याने मोटार घेतली आणि चावी दिली ड्रायव्हर वैजीनाथरावांच्या हाती. जिनिंग बंद पडली तेव्हा मालकाने मोटारही त्यांनाच देऊन टाकली. आपल्या गावी, राणीसावरगावला आल्यावरही त्यांनी मला कधी तहानलेलं ठेवलं नाही. मग त्यांची नजर मंदावली. मी कडब्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं पडून राहिलो. उंदरांनी माझ्यावर पिल्लं घातली, पण घरातलं कोणी फिरकलं नाही!

यंदा वैजीनाथरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी हट्टच धरला, मोटार परत रस्त्यावर आणायची. जुन्या मोटारींची वेगळी नोंदणी होते म्हणे. पण आरटीओचे साहेब आधी येऊन माझा नंबर मोटारीच्या नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघणार होते. वैजीनाथरावांचा मुलगा शिवप्रसाद म्हणाला, "जुळला तर ठीक. न्हाई जुळला तर बाबा, भंगारवाल्याला बोलवायचं. शेड पायजे मला."

मला मोटारीतून काढून दोन ओंडक्यांवर ठेवलं. शिवप्रसादची मुलगी प्रियंका कामाला लागली. कॉलेज शिकलेली, पण भारी भित्री. पत्र्यावर चिमणी उतरली तरी दचकते. हात मात्र चांगला. चार दिवस तिने डिझेलने काजळी धुतली, तारेच्या ब्रशने गंज काढला, रंग आत जाऊ नये म्हणून माझी सगळी तोंडं चिंध्यांच्या बोळ्यांनी बंद केली. पाचव्या दिवशी तिला नंबर सापडला. बोट फिरवत ती वाचू लागली, "सात, चार, एक, नऊ..."

"शून्य, दोन," खाटेवरून वैजीनाथराव म्हणाले.

मग आला भुजंग रंगारी. आसपासच्या ट्रॉल्यांवरचे मोर सगळे याचेच. प्रियंका पॉलिश पेपर आणायला गंगाखेडला गेली होती. दार असो की फाटक, खड्डा दिसला की बुजवायचा, एवढंच या गृहस्थाला ठाऊक. त्याने खड्डे भरायच्या लांबीचा गोळा मळला आणि चपट्या लोखंडी पत्रीने माझ्या नावावर दाबला. वरून लालभडक रंग. अरे, विचारायचं तरी! दारावरची आपल्या नावाची पाटी माणसं दिवाळीला पुसून लखलखीत करतात, आणि माझं नाव म्हणजे खड्डे? मी आतल्या आत ओरडत होतो. तो शिट्टी वाजवत होता.

प्रियंका परतली. आधी हसली, मग तिचं बोट त्या जागी गेलं आणि थांबलं.

"भुजंगमामा, इथं आकडे होते ओ."

"आगं आकडे कशाचे! लय घाण दिसायले व्हते खड्डे. आता बघ, नवरदेव दिसायलाय!"

तिने आणलेला पॉलिश पेपर कोपऱ्यात ठेवून दिला. भुजंगापेक्षा मला तिचा जास्त राग आला. बोल की, पोरी!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भुजंगही रंगाचा शेवटचा हात मारायला आलेला होता. टॉर्च मारून त्यांनी मला वरून, खालून, मागून पाहिलं. "नंबर कुठंय?"

"सात चार एक नऊ शून्य दोन," वैजीनाथराव उभे राहिले.

"आजोबा, तोंडपाठ नको. लोखंडावर दाखवा."

शिवप्रसादने खिशातून मोबाइल काढला. फोन कोणाला लावायचाय ते मला कळलं. वैजीनाथरावांनाही कळलं. ते खाली बसले.

प्रियंकाने भुजंगाचीच पत्री उचलली.

"आगं ये! रंग हाय तो माझा! काय करायलीस?" भुजंग असा बोंबलला की ती दचकली, पत्री सटकली आणि माझ्या अंगावर लांबलचक ओरखडा उठला. पण त्याच झटक्यात ओल्या लांबीचा ढलपा निघाला. आत सात दिसला.

"नंबर हाय तो माझ्या आजोबाचा!" ती ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाला पुन्हा दचकली. पण हात थांबला नाही. खरवड, आणखी खरवड! चार. एक. नऊ. साहेब वाकून पुस्तकातल्या नंबराशी ताडू लागले.

"शून्य, दोन," मागून आवाज आला.

शिवप्रसादने मोबाइल खिशात ठेवला.

आज मी पुन्हा मोटारीत बसलोय. सगळा लाल, फक्त नंबरापाशी तळहाताएवढा उघडा. काल भुजंग डबा घेऊन आला होता, "तेवढं झाकून देतो की," म्हणत. प्रियंकाने बॉनेटवर हात ठेवला. "नको मामा. तिथं नुसतं तेल लावायचं."

वाचकहो, रंग द्या, गंज मलाही नकोय. पण आधी बोट फिरवून बघा, खाली कोणाचं नाव तर नाही ना. आणि भुजंगराव, तुम्हाला वेगळं सांगतो. पुढच्या वेळी हात घालाल, तेव्हा माझा पंखा फिरत असेल.