तीन बोटं सरकलेला ठिपका

कारखाना सुरू केला तो दिवस वीस मार्च. त्या दुपारी दगडी भिंतीतल्या उंच झरोक्यातून उन्हाचा ठिपका फरशीवरच्या एका उभ्या रेघेवर पडला, आणि सुतारमिस्त्रींनी हौसेनं तिथे पेन्सिलीची खूण केली. मग दरवर्षी त्याच तारखेला, ठिपका त्या रेघेवर आला की ते नवी खूण करत. आता चार खुणा झाल्या होत्या. प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर आत.

जानेवारीत गवंडी गिलावा बघायला आला आणि खुणा पाहून उकिडवाच बसला.

"मिस्त्री, भिंत आत कलतेय. तीन वर्षांत तीन बोटं! पाडावी लागणार."

ओळंबा लावून पाहिला, पण भिंत मुळातच ओबडधोबड, काही ठरेना. भिंत गेली की छप्पर उतरवायचं, म्हणजे कारखानाच बंद. मिस्त्रींनी भिंतीला चार टेकू दिले आणि थोरल्या बहिणीला बोलावलं. ताईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला.

ताईंनी खुणा पाहिल्या, तारखा विचारल्या आणि हसल्या.

"तुझी पट्टी पाव बोट आखूड असली तर?"

"फेकून देईन."

"फेकता येत नाही. तीच वापरायचीय."

"मग चार वेळा मोजलं की बोटभर घोळ. चौथ्या वेळी तेवढं वाढवून घ्यायचं."

"कॅलेंडर तेच करतं. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला तीनशे पासष्ट दिवस आणि वर जवळजवळ सहा तास लागतात. आपण ते तास सोडून देतो. म्हणून दरवर्षी वीस मार्चला ऊन पाव दिवस मागे असतं. सूर्य जरा खाली, ठिपका जरा आत. चार वर्षांत एक दिवस साचतो, तो फेब्रुवारीला जोडतात. यंदा एकोणतीस तारीख आहे ना?"

"आहे."

"मग भिंत कलत असेल तर ठिपका आणखी आत जाईल. नसेल तर पहिल्या खुणेवर परत येईल. तोवर हातोडा लावू नका."

"आणि तोवर पडली तर?" गवंडी म्हणाला.

"तर तुझं काम वाचलं!"

मिस्त्री हसले नाहीत. दोन महिने ते भिंतीकडे पाठ करून बसले नाहीत.

वीस मार्चला तिघं फरशीभोवती उभे राहिले. ठिपका हळूहळू रेघेकडे सरकला. चौथी खूण मोकळीच राहिली. तिसरी, दुसरी, त्याही मोकळ्या. ठिपका रेघेवर आला तो पहिल्या खुणेवर, अगदी तंतोतंत.

मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला आणि पहिला टेकू काढायला घेतला.

"म्हणजे पाडायची नाही," गवंडी जरा पडलेल्या आवाजात म्हणाला. "निदान गिलावा तरी करू का?"

"कर की," मिस्त्री म्हणाले. "पण उद्यापासून. आधी जेवू या तिघं; सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही."