हेमकांतची तिरंदाज बाई

या माउली, पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. बुवांची गाडी अजून दोंडाईच्याजवळच आहे म्हणतात. तोवर जवळ बसा, एक गोष्ट सांगतो. ऐकून माझ्याविषयीचं मत बदललं तर बदलू द्या.

गेल्या साली सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, आपल्या या रनाळ्याच्या मंदिराची बोअर बंद पडली. संध्याकाळी चारशे माणसांची पंगत होती. मी माझ्या चुलतभावाला, हेमकांतला बोलावलं. हेमकांत पंप दुरुस्त करतो. कुणाच्याही शेतात मोटर अडकली की एकेक पाइप वर ओढणार, मोटर खोलणार, पुन्हा खाली सोडणार. बोलणं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं. देवाच्या कामाला त्यानं कधी नाही म्हटलेलं नाही.

त्यानं मोटर सोडली, बटण दाबलं आणि पाणी वर येईपर्यंत ओट्याला टेकून मोबाइल काढला. मी मागून डोकावलो. पडद्यावर एक बाई, हातात धनुष्य, अंगावर चामड्याच्या चार पट्ट्या. पाठ उघडी, मांड्या उघड्या.

"हेमक्या, हाई काय देखी ऱ्हायना रे?"

"काही नही आप्पा. मोबाइलमातला खेय शे."

"खेय? देवना दारमा उघडी बाई नाचाडी ऱ्हायना, आनि म्हने खेय शे! लगनले उनेल पोर शे घरमा. लाज नही वाटस का तुले?"

माझा आवाज भजनातला, कुठवर जाईल सांगता येत नाही. वांगी चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. धनुबाईनं तोंडाला पदर लावला. "हेमकांतभाऊ, आमले बी दखाडा ना तुमनी बाई!" हशा पिकला. मीही हसलो.

हेमकांत हळूच म्हणाला, "आप्पा, तिना कपडा बदलता येत नहीत. तठला नियम शे तसा."

"मंग काढी टाक तिले. आत्तेच. मन्हासमोर."

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, आणि ती ज्याच्या गळ्यात असते त्याचा शब्दही कुणी खाली पडू देत नाही. त्या दुपारी वीणा माझ्या गळ्यात होती. हेमकांतनं एकदा माझ्याकडे पाहिलं. काढायच्या आधी खेळानं खात्रीसाठी तिचं नाव विचारलं. त्यानं ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मी ते वाचायची तसदी घेतली नाही. बोट जरा थांबलं, मग टेकलं. बाई गेली.

तेवढ्यात बोअरला पाणी आलं आणि मी जोरात 'पुंडलिक वरदे' म्हटलं.

हेमकांत पंगतीला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलगी रुचिका आली. नर्सिंग शिकते. बस म्हटलं तर बसली नाही.

"मोठे पप्पा, ती बाई मन्ही मम्मी व्हती."

रंजना, हेमकांतची बायको, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. सवाष्ण गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. रंजनाला दवाखान्यातून पिशवीत बांधून परस्पर नेलं. हेमकांत लुगडं घेऊन दिवसभर फाटकाशी उभा होता. ते कुणी आत घेतलं नाही. मी तेव्हा दार लावून घरात नामजप करत होतो. हे सांगायचं टाळणार होतो, पण सांगितलेलं बरं.

"पप्पानी खेयमा मम्मीना चेहरा बनाडा," रुचिका सांगत होती. "नाक, डोया, हनुवटीवरनं गोंदन. तसा चेहरा तिरंदाज बाईनाच बनस. पन तिरंदाजले तेवढाच कपडा. पायघोय झगा फक्त वैद्यबाईले. ऐंशी पातळ्या पार करात का मंग कोनताबी पोशाख घालता येस, रंगबी निवडता येस. पप्पानी हिरवा निवडी ठेयेल व्हता."

"कितली ऱ्हायन्या व्हत्यात?"

"दोन."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"कंपनीले मी इंग्रजीमा लिखं व्हतं. तिले आंगभर कपडा द्या, इतलंच. नियम शे म्हने, बदलाव नही." तिनं ओढणी डोळ्यांना लावली. "तवलोंग पप्पा तिले झाडना मांगेच उभी करेत. दुसरा खेयनारासले दिसाले नको म्हनीसन."

माउली, पन्नास वर्षं कीर्तन ऐकतोय मी. उघड्याला झाकावं हे एवढंच शिकायचं होतं. ते तो तिला झाडामागे उभी करून करत होता, आणि मी वीणा घालून त्याला लाज शिकवली.

दुपारी शेतात गेलो. हेमकांत एका मोटरीच्या तारा सोडवत होता.

"हेमकांत, परत बनाड ना भाऊ तिले. मी बठस तुन्हाजोडे."

"तीन वरीस लागनात आप्पा." त्यानं मान वर केली नाही. "आते हात चालत नही."

"तू मालेच का नही सांगं रे तवय?"

"तुमना गयामा वीणा व्हती आप्पा. कसं नही म्हनतू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तारांचं एक टोक धरायला हात पुढे केला. त्यानं ते माझ्या हातात दिलं, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही तारा सोडवत राहिलो.

यंदाच्या सप्ताहात काल कीर्तन सुटल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडत होते. हेमकांत रांगेत एकेकापुढे वाकत माझ्यापर्यंत आला, माझ्याही पायांना त्यानं हात लावला. मी त्याला उठवायला खाली वाकेपर्यंत तो पुढच्या माणसाच्या पायांशी पोचला होता.

गाडी आली वाटतं. टाळ घ्या. एकच मागणं आहे. आज डोळे मिटाल तेव्हा आमच्या रंजनाला आठवा. रनाळ्याची, हनुवटीवर गोंदण असलेली. तिला हिरव्या लुगड्यात आठवा. काठ कसेही असू द्या, फक्त अंगभर असू द्या.