आकडा सांगणार नाही

सन दोन हजार पंचवीस, आषाढाचा दुसरा आठवडा. दिवेआगरात पाऊस लागला होता. मी धर्माजीच्या बंडीच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा होतो.

मी बटणांचा फोन. मला कोणी हुशार म्हणत नाही. म्हणू नये. हुशार फोन दोन वर्षांत कपाटात जातात.

माझा कारखाना कुठला, ते सांगता येत नाही. पाठीवरची अक्षरं मालकाच्या घामाने गेली. धर्माजीने मला म्हसळ्याच्या दुकानातून आणलं. एकदा विहिरीत पडलो, तांदळाच्या डब्यात वाळलो, पुन्हा वाजलो. आता पाठ रबराने बांधलेली आहे. तरी घरात मान माझाच. धर्माजीच्या मुलाने, माधवने, इतके नंबर बदलले की त्याचे त्यालाच आठवत नाहीत. धर्माजीचा नंबर एकच. म्हणून बँक, गॅस, रेशन, सगळीकडे मीच. नात प्राप्ती दहावी झाली, तेव्हा तिच्या अकरावीच्या अर्जातही मीच.

माधवच्या वेळी धर्माजी स्वतः कॉलेजात गेला होता. सोबत मुलगा, दाखला आणि दोन शहाळी. साहेबांनी मुलाकडे पाहिलं, शहाळ्यांकडे पाहिलं, नाव लिहून घेतलं. आता कॉलेज पडद्यावर शोधायचं. प्राप्तीने मैत्रिणीच्या फोनवर जिल्ह्यातली कॉलेजं ओटीवर बसून पाहिली. प्रयोगशाळा, बाग, पुस्तकांची कपाटं, सगळं फोटोत. तिची आजी येसूबाई डोकावून म्हणाली, "संडासाचा फोटू हाय का बघ आदी."

तो नव्हता.

प्राप्तीला श्रीवर्धनला सायन्स हवं होतं. तिथे घरून रोज जाऊन येता येतं. प्रवेशाची ही फेरी चुकली तर पुढे उरेल ते लांबचं कॉलेज, आणि लांब पोरीला ठेवायची घराची तयारी नव्हती. म्हणजे शिक्षण तिथेच थांबणार. अर्ज पक्का करायची मुदत संध्याकाळी सहाची. ती श्रीवर्धनला रुचिकाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसली होती. शेवटचं बटण दाबलं की माझ्याकडे सहा आकडे येणार, ते तिने तिथे भरायचे. एवढंच काम.

आकडे आले. मागोमाग तिचा फोन.

"आबा, मेसेज आला ना? आकडे सांगा."

"न्हाय सांगनार."

"आबा, मी प्राप्ती."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"आवाज काडता येतो. बँकेचा सायब सांगून गेलाय, आलेला आकडा सख्ख्या भावालापन द्यायचा न्हाय. मी सगळ्यांदेखत हात वर करून व्हय म्हटलंय."

"हा बँकेचा नाही, कॉलेजचा आहे."

"आकडा तो आकडा."

त्याने माझं लाल बटण दाबून बोलणं तोडलं. आकड्याची वेळ टळली. दुसरा आला. या वेळी दुकानातून रुचिका बोलली. अनोळखी बाई गोड बोलून आकडा मागते, म्हणजे धर्माजीचा संशय पक्काच झाला.

"पोरगी घरी बसंल तुमच्या शब्दापायी," येसूबाई म्हणाली.

"शब्द दिलाय."

"मंग त्यालाच घाला कॉलेजात."

धर्माजीने चंची उघडली, तशीच मिटली. मग उठला. "सांगनार न्हाय. जाऊन दाबनार."

एसटी गेली होती. शेजारचा सुजित पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो; त्याच्याकडे मुंबईचे पाहुणे उतरले होते आणि चुलीवर कोंबडी होती. प्राप्तीचं नाव ऐकताच त्याने पाहुण्यांना "आलोच" म्हटलं आणि स्कूटर काढली. पावसात मालक भिजला, सुजित भिजला. मी पिशवीत.

दुकानात शिरताच धर्माजी म्हणाला, "तोंडं फिरवा."

रुचिका फिरली. रांगेतली पोरं फिरली. प्राप्तीही भिंतीकडे वळली. आकडा आला. त्याने माझ्याकडे पाहत एका बोटाने दाबला. चुकला.

चूक मला कळली. माझ्यावर एक वर असतो आणि सात खाली. त्या कॉम्प्युटरच्या बाजूच्या बटणांवर सात वर आणि एक खाली. बोटाला माझी सवय. सांगावंसं वाटलं, पण मला नुसतं वाजता येतं.

"आबा, बटणावर बघून दाबा," प्राप्ती भिंतीला म्हणाली.

"तू बघतेस व्हय?"

"भिंत बघतेय. पाच मिनिटं उरलीत."

शेवटचा आकडा आला. माझ्यातही जीव थोडाच होता. धर्माजीने डोळ्यांजवळ धरून मला वाचलं. तो काहीही वाचतो ते मोठ्यानेच वाचतो. सहाही आकडे दुकानभर घुमले. एकही मान वळली नाही. या वेळी त्याने एकेक बटण बघून दाबलं.

अर्ज पक्का झाला.

"कोनी बघितलं न्हाय ना?"

"न्हाय," सगळे म्हणाले.

पुढे यादी लागली, नाव श्रीवर्धनला आलं. तो मेसेज मात्र धर्माजीने आळीभर दाखवला. वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: अर्जात कोणाचा नंबर द्याल तर आधी त्या माणसाचा स्वभाव बघा.

त्या संध्याकाळी परतलो तेव्हा सुजितची कोंबडी करपली होती. पाहुणे सामान उचलून दुसरीकडे गेले होते.

सकाळी धर्माजी सुजितच्या पडवीत गेला. तिथे सोलायच्या नारळांचा ढीग होता. सोलणारा गडी चार दिवस आला नव्हता.

"काका, राहू द्या," सुजित म्हणाला.

धर्माजीने मला कट्ट्यावर ठेवलं, पहार रोवली आणि पहिला नारळ घेतला. दुपारी ढीग संपला.