कोंडीची चिंबोरी

कडावपलीकडच्या शाळेतला मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. खोपोलीच्या एका कारखान्यात सात वर्षं पत्रं टाइप करून माझं कंबरडं मोडलं, तेव्हा साहेबांनी मला हार घालून शाळेला दान केलं. फोटोत साहेबच जास्त दिसतात. वायर काढली की मी मान टाकतो, म्हणून पोरं मला 'डबा' म्हणायची. आदिवासी वाडीवरून शाळेत येणाऱ्या कोंडीने मात्र मला ओढणीने पुसलं. बरं वाटलं, खोटं का बोलू?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी व्हिडिओ करायचा होता. पहिला येईल त्याला पुण्याच्या शिबिराला जायला मिळणार होतं, आणि कोंडीने तर तो ध्यासच घेतला होता. मालोजी सरांनी बजावलं, "नेटवर फुकट ठेवलेली चित्रं, आवाज खुशाल घ्या. पण ज्याचं त्याचं नाव शेवटी लिहा. नाहीतर ती चोरी."

कोंडीने विषय निवडला चिंबोरीचा, म्हणजे ओढ्यातल्या खेकडीचा. ओढा, खडक, पावसाचा आवाज नेटवर मिळाला. पोटाखाली पिल्लं धरलेली चिंबोरी काही मिळेना. मग सरांचा मोबाइल मागून ती आईबरोबर ओढ्यावर गेली आणि दगड उचलून स्वतःच शूटिंग करून आली. शेवटी तिने अकरा अनोळखी नावं एकेक अक्षर शोधत लिहिली. स्वतःचं लिहिलं नाही. आपलं ते आपलंच, त्याला नाव कशाला, असं तिला वाटलं.

प्रदर्शनात मलाही नेलं होतं. परीक्षक बाईंनी नावं वाचली.

"अकरा जणांचं घेतलंस. यात तुझं काय गं?"

"चिंबोरी माझी हाय, बाई. मीच शूटिंग केलं."

"तू? वाडीवर?" बाई हसल्या. "ही चिंबोरी कुणाची, ते नाव लिहायचं राहिलंय. म्हणजे ढापलीच."

कोंडीने सरांकडे बघितलं. सरांचा बदलीचा अर्ज शिक्षण खात्यातल्या याच बाईंकडे पडून होता. सर चपला बघत राहिले.

पहिली आली आमच्याच शाळेतली भाविका. तिचं एकूण एक चित्र नेटवरचं, माझ्यावरच उतरवलेलं. शेवटी नाव एकच होतं, तिचं.

सोमवारी सर म्हणाले, "कोंडी, लॅपटॉपात जागा नाही गं. तुझा व्हिडिओ काढून टाक."

"सर, तुमी का नाय बोललात?"

"पुढल्या वर्षी बघू."

'नक्की काढायचं?' मी नेहमीप्रमाणे विचारलं. तिने 'होय' दाबलं. मी तो काढून टाकला. त्या दिवसापासून ती माझ्यापाशी बसली नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. कुणाचं खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर ते तिथल्या तिथे बोला. मला तोंड नाही. सरांना होतं.